रूथमावशींचा देव

आमच्या शेजारच्या रूथमावशी प्रार्थनेत देवाला अख्खा पत्ता सांगायच्या. भिंत पातळ, त्यामुळे रोज सकाळी मलाही ऐकू यायचं. "हे स्वर्गातल्या बापा, बदलापूर पश्चिम, बेलवली, पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला, डावीकडचं दार. लिफ्ट बंद आहे रे प्रभू."

एकदा मी विचारलं, "मावशी, देवाला पत्ता कशाला?"

"अगं, आपल्या गल्लीत पिवळ्या बिल्डिंगा तीन आहेत!"

अख्ख्या बिल्डिंगची काळजी त्यांच्याच डोक्यावर. वॉचमनचा ताप, माझी परीक्षा, सगळं खोली नंबरासकट देवाच्या कानावर जायचं. मागोमाग पेजेचा डबाही त्या दारात. "प्रभूवर टाकलंय मी," असं म्हणायच्या आणि लगेच गॅलरीत जाऊन काय झालं ते वाकून बघायच्या. त्यांचे मिस्टर, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले जोसेफकाका, हसायचे. "ही देवावर टाकते आणि संध्याकाळी परत उचलून घरी आणते."

मग काकांच्याच हृदयाचं ऑपरेशन निघालं. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात सोबतीला मी गेले. काकांना आत नेलं. मावशींनी डोळे मिटले. "हे बापा, उल्हासनगर, तिसरा मजला..." आणि थांबल्या.

"काय झालं, मावशी?"

"मी मिशनच्या बोर्डिंगात वाढले गं. सुट्टी लागली की सगळ्या मुलींना न्यायला कोणी ना कोणी यायचं. मी फाटकाशी उभी राहायचे. मला न्यायला येणारं कोणी नव्हतंच. पण वाटायचं, येणाऱ्याला दार सापडलं नसेल." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पण देव तेव्हाही होता की माझ्याजवळ. फाटकाशीच होता. मीच आपली रस्त्याकडे बघत राहिले."

पुन्हा डोळे मिटून म्हणाल्या, "बापा, माझा माणूस तुझ्या हातात आहे. आमेन."

संपलं! मला वाटलं, आता उठून दाराच्या फटीतून बघतील. पण त्या भिंतीला डोकं टेकून चक्क झोपल्या. पॅसेजमध्ये येरझाऱ्या मीच घालत होते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "नीट झालं सगळं. मिस्टर उद्या बोलतील तुमच्याशी." मावशी "बरं" म्हणाल्या आणि मग पोटभर रडल्या.

"चला, आता घरी जाऊन आडव्या व्हा," मी म्हटलं.

त्यांचं लक्ष समोर होतं. बाकावर एक सिंधी बाई एकटीच बसली होती. तिच्या मुलाला नुकतंच आत नेलं होतं. मावशी उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"आपके साथ कोई नहीं आया?"

बाईने मानेनेच नाही म्हटलं.

"मैं आयी हूँ ना," मावशी म्हणाल्या. मला हातानेच त्यांनी जायला सांगितलं.