पेडल मारून घेतलंत?

ब्रेक दाबला की गाडीच्या पुढच्या चाकातून करकर ऐकू यायला लागली, तेव्हा टपाल कचेरीतल्या कारकुनाने (हत्यारांचा अनुभव: स्टेपलर) ठरवलं की ब्रेक पॅड आपणच बदलायचे. त्याने तीन व्हिडिओ पाहिले होते. चौथा पाहिला असता तर पुढचं टळलं असतं, पण तिसऱ्यातच आत्मविश्वास उतू गेला.

रविवारी सकाळी सुरू झालेलं दोन तासांचं काम पाच तास चाललं. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकतीस वर्षं बस चालवलेली.

"जावईबापू, पॅड सुलटे बसलेत ना?"

"त्यात उलटं-सुलटं काय असतं, बाबा?"

सासऱ्यांना वाटलं, जावई गंमत करतोय. ते मनापासून हसले. तोही हसला.

"आणि पेडल मारून घेतलंत?"

"घेतलं की." पेडल मारून घेणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण मघाशी त्याने फडक्याने पेडल पुसलं होतं. तेच असणार, असं तो धरून चालला.

मग चक्कर मारायला सगळे निघाले. बायको शेजारी, सासरे मागे. गेटातून रस्त्याकडे चांगला उतार होता आणि पलीकडे समोरच्या घरातल्या दंतवैद्य बाई आपल्या कोऱ्या गाडीचा आरसा पुसत होत्या. त्याने ब्रेक दाबला. चिखलात पाय जावा तसं पेडल पार तळाला गेलं.

"ब्रेक दाब," बायको म्हणाली.

"दाबलाय."

"मग गाडी का चाललीये?"

"तेच बघतोय."

"पुन्हा दाबा, दाबत राहा," मागून सासरे म्हणाले. घाबरून त्याने भलतंच काहीतरी ओढलं. वायपर सुरू झाले.

बायकोने हँडब्रेक खेचला. गाडी थांबली, कोऱ्या बंपरपासून वीतभर अलीकडे. दंतवैद्य बाई फडक्यासकट फुटपाथवर चढल्या होत्या. कोरड्या काचेवर वायपर कुरकुरत राहिले.

आधी बायकोला हसू फुटलं, मग सासऱ्यांना. माणसं धड, गाड्या धड. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बाईंनी खिडकीशी येऊन "पाणी आणू का?" असं विचारलं, तेव्हा त्याला भरूनच आलं.

"नवे पॅड घातले की पेडल आठ-दहा वेळा दाबून घट्ट करायचं असतं," सासरे म्हणाले. "तुम्ही तर म्हणालात, केलं."

"मी पुसलं होतं, बाबा."

संध्याकाळी मेकॅनिक घरी आला. चाक काढून त्याने आत टॉर्च मारला. एक पॅड उलटा होता, लोखंडाची बाजू ब्रेकच्या चकतीला लागलेली.

"चकती शाबूत आहे. अर्ध्या तासात करून देतो," तो म्हणाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "पण साहेब, बावीस वर्षांत असं काम पाहिलं नाही. एक फोटो काढू?"

कारकुनाने हात पुसले, केसांवरून कंगवा फिरवला आणि चाकाला हात टेकून उभा राहिला.

"साहेब, जरा बाजूला होता का?" मेकॅनिक म्हणाला. "पॅडवर सावली पडतेय."