नीलाक्काची फौज

"म्हातारे पुढं घालते. मेले तर मेले. घोडेवाले मागनं आणते आणि सगळ्यांना कापून काढते."

जुळे सोलापुरातल्या नव्या घरातली आमची ती पहिली सकाळ. मी मागच्या अंगणात दात घासत उभा होतो आणि ही वाक्यं कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आली. आवाज बाईचा होता, खणखणीत आणि अगदी निवांत. कोथिंबीर निवडताना बाई बोलेल तसा. माझ्या तोंडातला फेस तसाच पोटात गेला.

आत येऊन बायकोला सांगितलं. सुनंदा खोकी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "टीव्ही असेल."

पण टीव्हीतली माणसं कापाकापीच्या मधेच "अय्यो, दूध उतू चाललं की!" असं ओरडून धावत नाहीत.

मी माढ्याचा. माढ्यात भांडणं पाहिली आहेत, बांधावरची कुऱ्हाडही उगारलेली पाहिली आहे. पण इतक्या थंड डोक्यानं म्हाताऱ्यांना पुढं घालणारी बाई मी पाहिली नव्हती. संध्याकाळी, नळाला पाणी कधी येतं हे विचारायच्या निमित्तानं मी शेजारचं दार वाजवलं.

दार उघडलं ते एका पांढऱ्या केसांच्या, इरकली लुगड्यातल्या, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे ओढलेल्या बाईंनी. माझ्या आईच्या वयाच्या. डोळे हसरे. आणि उजव्या हाताची बोटं रक्तानं माखलेली.

"या की," त्या म्हणाल्या. "चप्पल राहू द्या तितंच. आणि टेबलाला धक्का लावू नका, दोन राज्यं हायत त्याच्यावर."

ते रक्त नव्हतं, लाल रंग होता. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड, थर्मोकोलच्या टेकड्या, आरशाच्या तुकड्याचं तळं. आणि दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे शिपाई: भालेवाले, तिरंदाज, घोडेस्वार, झेंडेवाले, हत्ती. एकेकाच्या मिशीचा केसन् केस रंगवलेला, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तर पांढऱ्या. मी खुर्चीवर बसलो तो उठायचं विसरूनच गेलो.

अशी माझी नीलाक्काशी ओळख झाली. टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती, म्हणून आवाज तसा. मांसमच्छी तर सोडाच, कांदासुद्धा सोमवारी घरात चिरला जात नसे. आणि ही बाई दुपारभर टेबलावर लढाया करत असे.

लढाईपेक्षा लढाईची तयारी मोठी, हे मला पुढे कळलं. या खेळात दोन्ही बाजूंना सारखेच पॉइंट मिळतात, समजा दोन हजार. प्रत्येक शिपायाचा भाव ठरलेला. साधा भालेवाला स्वस्त, घोडेस्वार महाग, हत्ती तर विचारूच नका. त्या दोन हजारांत आपापली फौज बसवायची. मला काही समजेना तेव्हा नीलाक्का म्हणाल्या, "लग्नात पंगतीचा अंदाज काढता की न्हाय? सगळी बुंदीच केली तर लोक भात कुटनं खातील? आणि भातच भात केला तर जाताना नावं ठेवतील. फौजेचं बी तसंच. हत्ती म्हंजे बुंदी."

हा अंदाज त्यांच्या डोक्यात अखंड चालू असे. भाजीवाल्याच्या गाडीपाशी, एका हातात मेथीची पेंडी धरून, आकाशाकडं बघत त्या म्हणत, "तिरंदाज कमी करावं का?"

"करा की अक्का," भाजीवाला म्हणे. "पण पेंडीचा भाव कमी करणार न्हाय मी."

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलनीला पाठ होतं: "पॉइंटात बसत न्हाय." साडी आवडली नाही, की पॉइंटात बसत न्हाय. पाहुणे आठवडाभर राहिले, की पॉइंटात बसत न्हाय. आणि एखादी गोष्ट संपवायची असली की कानडीत, "साकु!" म्हणजे पुरे. ते 'साकु' ऐकल्यावर पुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी हॉलची पाहणी केली. सेनापती रणांगण बघतो तशी. "सोफा लई जड हाय ओ. पुढचं सगळं रान अडवून बसलाय, आणि करत कायच न्हाय." मग त्यांची नजर सोफ्यावर बसलेल्या माझ्याकडं गेली.

"आणि ह्ये?" सुनंदानं हसू दाबत विचारलं.

"ह्येंना राखीव ठेवा. पुढं घालायच्या कामाचे न्हाईत."

मला धक्का बसला. सुनंदाला मुळीच बसला नाही, उलट तिला कुणीतरी बऱ्याच वर्षांनी योग्य शब्द दिल्यासारखं झालं. अजूनही पाहुण्यांसमोर माझी ओळख 'आमचे राखीव' अशीच होते.

एकदा कॉलनीतले सेक्रेटरी मुलीचं स्थळ घेऊन त्यांच्याकडं सल्ल्याला आले. मी तिथंच होतो. मुलगा उंचापुरा, दुधनीकडच्या बड्या अडत घराण्यातला. नीलाक्कांनी फोटो लांब धरून पाहिला. "हत्ती हाय," त्या म्हणाल्या. "दिसाय भारी. पण हत्ती बिथरला की शत्रूवर जात न्हाय ओ, आपल्याच माणसांवर येतो." सेक्रेटरी चहा न पिताच गेले. लग्न मात्र झालं, आणि पंगतीत नीलाक्का पहिल्या रांगेत बसून बुंदी जेवल्या.

पुण्याहून दोन तरुण आले होते तो दिवस मी विसरणार नाही. या खेळाचे म्हणे तिकडे क्लब आहेत, आणि कुणाकडून तरी यांचं नाव तिकडं पोचलं होतं. दारात इरकल आणि विभूती बघून दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. नीलाक्कांनी आधी त्यांना कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. मग पानं उचलली, टेबल पुसलं आणि त्यांतल्या उंच मुलाची फौज जेवण जिरायच्या आत पुसून टाकली. गोफणवाल्यांनी. त्याच्याकडं हत्तीच हत्ती, यांच्याकडं दगड मारणारी फाटकी माणसं. फासे पडत होते आणि त्या पोराचा चेहरा उतरत होता.

"आजी, तुम्ही पूर्वी खेळलाय का?" त्यानं शेवटी विचारलं.

"थोडं थोडं," नीलाक्का म्हणाल्या. "तुमची फौज मोबाइलवर बघून केलेली हाय न्हवं? भारी हाय. पण ते दुसऱ्याच्या भुकेचं ताट झालं. तुमाला काय पचतंय ते बघून वाढून घ्यावं."

तो मुलगा जाताना त्यांच्या पाया पडला. मी सुन्न होऊन घरी आलो.

पण खरा धक्का रविवारचा होता. रविवारी दुपारी अंबादासराव यायचे. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरातले, चादरींवरची नक्षी काढण्यात आयुष्य गेलेले, बारीक अंगाचे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. सून त्यांना स्कूटरवर सोडून जायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. ते आणि नीलाक्का समोरासमोर बसत, आणि ज्या बाईनं पुण्याचे हत्ती लोळवले ती बाई दर रविवारी हरायची.

दर रविवारी! अगदी थोडक्यात. शेवटच्या पाळीला एखादा फासा उलटा पडायचा, एखादी टेकडी हातची जायची. अंबादासराव टाळी वाजवून म्हणायचे, "वहिनी, गेली तुमची टेकडी!" आणि नीलाक्का कपाळावर हात मारायच्या, "अय्यो देवा, पुन्ना!"

मला वाटलं, शेराला सव्वाशेर असतोच.

एव्हाना बघून बघून मलाही खेळाची थोडी अक्कल आली होती. नीलाक्कांनीच मला शिकवलं होतं, "घोडे नसतील तर घराबाहेर पडू नये. बाजूनं मारायला घोडा पायजेच." आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बाजूला एकही घोडा नाही. नुसते भालेवाले, समोरासमोर, रेशनच्या रांगेसारखे. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं आणि मी मोठ्यांदा म्हणालो, "अक्का, घोडे कुठायत तुमचे?"

अंबादासरावांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ते टेबलाकडं असे बघू लागले जणू काहीतरी तिथं असायला हवं होतं आणि काय ते आठवत नव्हतं.

"लंगडे झालेत," नीलाक्का तत्काळ म्हणाल्या. "नाल मारायला पाठवलेत. चला, अंबादासराव, पाळी तुमची."

ते खळखळून हसले. आठी गेली. पण टेबलाखालून माझ्या पायावर नीलाक्कांची टाच इतक्या जोरात पडली की डोळ्यांत पाणी आलं.

सून त्यांना घेऊन गेल्यावर नीलाक्कांनी मला फाटकापाशी गाठलं. मी इतका घाबरलेला होतो की आधीच 'चुकलो' म्हणून टाकलं.

"साकु," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. "त्येंना बाजूनं आलेलं दिसत न्हाय आता. समोरचं तेवढं ध्यानात राहतंय. आदी तिरंदाजांचं विसरले, मी तिरंदाज काढले. मग घोडे. आता भालेवाले कळतात अजून, आणि हत्ती."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम हरता?"

"मुद्दाम हरणं सोपं हाय हो. ते त्येंना लगेच कळंल, हुशार माणूस हाय. त्येंना जेवढं येतंय तेवढ्याच तोलाची माजी फौज करावी लागते. दर आठवड्याला नवी. पुस्तकातले पॉइंट त्याला चालत न्हाईत." त्या फाटकाची कडी उगाच उघडझाक करत राहिल्या. "पुण्याच्या पोराला हरवाय मला अर्दा तास विचार करावा लागला. ह्येंच्यासाठी सोमवारपासनं बसते मी."

मी विचारलं, "हा खेळ तुम्हाला त्यांनी शिकवला का?"

मग त्यांनी सांगितलं. खेळ मुळात त्यांच्या यजमानांचा, रेवणसिद्धप्पांचा. त्यांचा आणि अंबादासरावांचा. नीलाक्का नुसता चहा ठेवायच्या आणि टेबल अडलं म्हणून कटकट करायच्या. एक डाव अर्धा मांडलेला असताना रेवणप्पा अचानक गेले. घरात माणसांची रीघ लागली. जो येई तो रडे, आणि यांना म्हणे, पडा जरा, झोपा.

"आणि अंबादासराव आले," नीलाक्का म्हणाल्या. "रडले न्हाईत. टेबलाशी बसले आणि म्हणाले, वहिनी, रेवण्याची फौज उभी हाय अजून. त्याच्या बाजूनं कोण खेळणार? सगळ्यांनी तोंडात बोट घातलं. माज्या नणंदेनं तर त्येंना भायेर काढायला सांगितलं. पण सगळे मला झोपवायला बघत व्हते ओ, ह्या माणसानं तेवढं मला बसवलं."

त्यानंतर मी रविवारी तोंड मिटून बसू लागलो. फौज दर आठवड्याला लहान होत होती. आधी नीलाक्कांची, मग दोन्हीकडची. हत्ती गेले. तळं गेलं. एका रविवारी तर टेबलावर जेमतेम दोन रांगा राहिल्या, आणि तरीही नीलाक्का त्या रांगांकडं डोळे बारीक करून अशा बघत होत्या की जणू मोठी मोहीम आहे.

आणि मग तो रविवार आला. अंबादासराव खुर्चीत बसले, बराच वेळ शिपायांकडं बघत राहिले. मग त्यांनी हात लांबवला आणि नीलाक्कांचे शिपाई उचलायला सुरुवात केली. एक, मग दुसरा. नीलाक्कांच्या शिपायाला सख्ख्या भाच्यानं हात लावलेलाही त्यांना खपला नव्हता. तो अजून घरी येत नाही. अंबादासरावांनी ते सगळे आपल्या बाजूला नेऊन ठेवले. दोन्ही फौजा मिसळून एकच रांग केली, चादरीच्या काठावरची नक्षी असावी तशी सरळ, सगळ्यांची तोंडं एकीकडं. समोर कुणीच नाही. नुसतं हिरवं कापड.

मी नीलाक्कांकडं पाहिलं. आता 'साकु' येणार, आणि सगळंच संपणार असं मला वाटलं.

त्या उठल्या. आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून पलीकडं गेल्या आणि अंबादासरावांच्या शेजारी ती टेकवून बसल्या. दोघं एकाच बाजूला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट करून मला म्हणाल्या, "तुमी बसा तितं. कोण तरी लागंल की समोर."

मी जाऊन बसलो. माझ्याकडं एकही शिपाई नव्हता.

अंबादासरावांनी मला नीट न्याहाळलं, शत्रू म्हणून मी पसंत पडलो असावा. त्यांना हसू आलं. त्यांनी फासे उचलले, नीलाक्कांच्या तळहातावर ठेवले, आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून, वेगळ्याच, तरण्याबांड आवाजात म्हणाले, "रेवण्या, बघत काय बसलायस? तुझी पाळी."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती कुणी ऐकली नाही. नीलाक्कांनी मूठ मिटली. विभूतीच्या पट्ट्यांखाली त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला.

मग त्यांनी फासे हातात खुळखुळवले.

"टाकतो की," त्या म्हणाल्या. "घाई काय हाय तुला, अंबादास?"