सहाशे बारा जन्मजात नेते

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. अठरा वर्षं मी डेटाबेस सांभाळतोय आणि या अठरा वर्षांत माझ्या हातून एक ओळसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही. म्हणजे, गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारपर्यंत तरी झालेली नव्हती.

डेटाबेस सांभाळणं म्हणजे नेमकं काय, असं आमच्या सासूबाई अजून विचारतात. मी त्यांना सांगतो की सगळी माहिती मोठमोठ्या तक्त्यांत असते, एका माणसाची एक ओळ, आणि त्या ओळींना कुणी भलतासलता हात लावू नये म्हणून मी पहारा देतो. "म्हणजे वॉचमन," असं म्हणून त्या विषय संपवतात.

आता माझी खोड सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. मला ऑनलाइन स्वभावचाचण्यांचा नाद आहे. तुम्ही कोणतं झाड आहात, स्वयंपाकघरातलं कोणतं भांडं आहात, मागच्या जन्मी कोणता प्राणी होतात, काहीही समोर येऊ दे, मी सोडवणारच. मागच्या जन्मी मी वाघ होतो. पहिल्या तीन वेळा कासव आलं होतं ही गोष्ट वेगळी. बायको म्हणते, आवडतं उत्तर येईपर्यंत द्यायची ती चाचणी कसली? तिला या शास्त्रातलं काही कळत नाही.

तर झालं असं, की आमच्या धंद्यातल्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये यंदा मला पहिल्यांदाच भाषणाला बोलावलं. विषय मीच दिला होता: 'अठरा वर्षं, एकही चूक नाही'. साहेब स्वतः ऐकायला येणार होते आणि आमच्या नव्या टीमचा प्रमुख कोण, हे ते भाषण ऐकून ठरवणार होते. मला ते पद हवं होतं. इतकं हवं होतं, की आंघोळ करताना मी टीमला सूचना द्यायला लागलो होतो.

कॉन्फरन्स भरवणाऱ्या बाई उत्साही होत्या. त्यांची ही पहिलीच कॉन्फरन्स. त्यांनी टूम काढली की नाव नोंदवताना प्रत्येकाने वीस प्रश्नांची स्वभावचाचणी द्यायची. निकाल बॅजवर छापून येणार आणि ज्याचा जसा स्वभाव, तसा त्याचा हॉल. जन्मजात नेते, कल्पक, धडपडे आणि शांत श्रोते असे चार प्रकार होते. माझं भाषण तळमजल्यावर, शांत श्रोत्यांच्या मोठ्या हॉलमध्ये. भाषणाला श्रोते लागतात, असा बाईंचा सरळ हिशोब.

मी चाचणी दिली. निकाल आला, शांत श्रोता. पुन्हा द्यायला गेलो तर म्हणे, एकदाच देता येते! आता सांगा, साहेबांसमोर स्टेजवर उभं राहायचं आणि छातीवर काय, तर 'शांत श्रोता'. लग्नात नवऱ्याच्या गळ्यात 'पाहुणा' अशी पाटी घालण्यातलाच प्रकार. बायकोलाही वक्त्याची पाहुणी म्हणून पास मिळाला होता. तिने टोमॅटो चिरता चिरता तीन मिनिटांत चाचणी उरकली. काय आलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ती काय सांगायची गोष्ट आहे?" मी समजलो, बिचारीचं काहीतरी साधंसुधं आलं असणार.

आणि मग माझ्या मनात पाप आलं. नोंदणीचा तो डेटाबेस आमच्याच कंपनीकडे होता, म्हणजे माझ्याकडेच. गुरुवारी दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एक आज्ञा लिहिली: स्वभाव बदलून 'जन्मजात नेता' कर. अशा आज्ञेत कुणाचा स्वभाव बदलायचा ही अटही घालावी लागते. नाही घातली, तर मशीन बापडं समजतं की सगळ्यांचाच. नव्या पोरांना मी हे घोकून घोकून शिकवलंय: आधी अट लिहा, मग किती ओळी बदलणार ते बघा, मगच बटण दाबा. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, स्टूल धरा, हलतंय!" बायको दिवा बदलत होती. मी बटण दाबलं आणि पळालो. दिवा लागला, मी लॅपटॉप मिटला. किती ओळी बदलल्या तो आकडा बघायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉन्फरन्सच्या दारात बॅज मिळाला. 'जन्मजात नेता'. मी छाती काढून वळलो, तर मागच्या माणसाच्या गळ्यात तेच. मी त्याचं अभिनंदन केलं. मग पुढच्याचं. मग एक उंच, हडकुळा माणूस दिसला. लिफ्टचं दार अंगावर आलं तर दाराला 'सॉरी' म्हणणारा. त्याच्याही गळ्यात तेच. एक मुलगी आईला फोन करून सांगत होती की बघ, आणि तू मला मुखदुर्बळ म्हणायचीस. तेव्हा आठवलं, आज्ञेत अट लिहायचीच राहिली होती. आलेल्या सहाशे बाराच्या सहाशे बारा माणसांना मी नेता करून ठेवलं होतं.

नेत्यांचा हॉल तिसऱ्या मजल्यावर, खुर्च्या चाळीस. जिन्यात जो तो इतरांना कडेने चला म्हणून सांगत होता आणि कडेने कुणीच चालत नव्हतं. जागा नाही म्हणून वरचे तिन्ही हॉल भरून टाकले. तिथे पहिला खेळ होता गटप्रमुख निवडण्याचा. मतं मोजली, तर प्रत्येकाला एक.

आणि खाली माझ्या हॉलमध्ये पाचशे खुर्च्या. माणसं तीन. साहेब, बायको आणि माईक लावणारा. स्वतःचे श्रोते मी स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते.

तेवढ्यात बाई आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, चाचणीवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे फॉर्म बनवतानाच माझं काहीतरी चुकलं, आज संध्याकाळी राजीनामा लिहिते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा डेटाबेस तुमच्याकडेच होता ना? तुम्ही काही हात नव्हता लावला?"

माझ्या मागे पडद्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'अठरा वर्षं, एकही चूक नाही'. 'नाही साहेब' म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण बाई रुमाल शोधत होत्या आणि बायको चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. मी हातातला माईक तसाच धरून बाईंकडे वळलो.

"बाई, राजीनामा लिहू नका. हे माझं काम आहे."

मग सगळंच सांगून टाकलं. कासव, वाघ, बॅजची हौस, विसरलेली अट, हलणारं स्टूल. अठरा वर्षांची कमाई दोन मिनिटांत गेली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. टीम गेली, पद गेलं, असं म्हणून मी माईक खाली ठेवला, तर माईकवाला शांतपणे म्हणाला, "सर, हे चारही हॉलमध्ये ऐकू गेलं. लोकांना खाली बोलवायचं म्हणून मॅडमनीच मघाशी सगळे स्पीकर जोडायला लावले होते."

वरून धाडधाड पावलं वाजायला लागली. मला वाटलं, आता मार बसणार. सगळ्यात पुढे तो हडकुळा. धापा टाकत स्टेजवर आला, माईक उचलला आणि म्हणाला, "मीही अट विसरलोय. दोनदा."

मग काय, रांगच लागली. एकाने अख्ख्या वाचनालयाची पुस्तकं एका आजोबांच्या नावावर चढवली होती. एकीने गावभरच्या मांजरांचं वय नव्वद करून ठेवलं होतं. पाचशे खुर्च्या भरल्या, उरलेले जमिनीवर बसले. शेवटी साहेब उठले. त्यांनी म्हणे तरुणपणी अख्ख्या कंपनीचा वाढदिवस एकाच तारखेला आणला होता आणि त्या दिवशी दोनशे केक आले होते. बाई हसता हसता नाक पुसत होत्या. इतका आनंद मला वाघ झालो तेव्हाही झाला नव्हता.

टीम मला मिळाली. साहेबांनी फक्त एक नियम केला: मी बटण दाबण्याआधी दुसऱ्या कुणीतरी स्क्रीन बघायची. सोमवारी मी बॅकअपवरून सगळ्यांचे खरे स्वभाव परत आणले. बॅज मात्र एकानेही परत दिला नाही. सहज म्हणून बघितलं, की सहाशे बारा माणसांत खरे जन्मजात नेते होते तरी किती. एक. वक्त्याच्या पाहुणीचा पास.

म्हणजे मी चुकून सगळ्या ओळी बदलल्या, त्यात तेवढी एकच जशीच्या तशी राहिली होती. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"म्हटलं होतं ना, ती काय सांगायची गोष्ट आहे? बरं, बाथरूमचा दिवा गेलाय. स्टूल धरा."

मी धरलं.