उपरण्याखालचं मत

दगडूनाना मिरचीवाल्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट तोंडाने ठरवली नाही. चहा घेणार का विचारलं, तरी ते खांद्यावरचं उपरणं हातावर पसरायचे, खालून समोरच्याचा हात धरायचे आणि दोन बोटं दाबायचे. म्हणजे दोन कप. आमच्या मिरचीबाजारात सौदे असेच व्हायचे, कापडाखाली, भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून. पण बाजार उठल्यावर तरी माणसाने तोंड उघडावं की नाही? मुलीच्या लग्नाची बोलणी करायला जळगावहून एक कारकून गृहस्थ आले, तर नानांनी त्यांचाही हात उपरण्याखाली ओढला. गृहस्थ एवढे दचकले की हातातला लाडू पडला. वर नानाच त्यांना विचारतात, "जोरमा कसाले बोलानं? आपन भांडी राहिनूत का?" म्हणजे मोठ्याने बोलायला आपण काय भांडतोय का! लग्न मात्र जमलं. कसं ते देव जाणे.

असा माणूस आमच्या धुळ्याकडच्या गावचा मेंबर! स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी नगरपालिकेने जुना बाजार पाडून नवं मार्केट बांधायचं काढलं. पक्के गाळे, पाण्याचा नळ, आणि मिरचीला उघड लिलाव. ज्याने त्याने आपला भाव मोठ्याने पुकारायचा. गावात दोन तट पडले. माझं कापडाचं दुकान गळक्या छपराखाली, तेव्हा मी अर्थातच मार्केटवाला. ओढाताण एका मताची होती आणि ते मत नानांचं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी उपरणं पसरलं आणि माझी बोटं चांगली घट्ट दाबली. मी खूश. नव्या गाळ्याच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला. विरोधी तटवालेही बोटं दाबून घेऊन तितकेच खूश होऊन गेले होते, हे मला काय ठाऊक? तसं दाबणं म्हणजे 'अजून जमत नाही', हे आम्हा कापडवाल्यांना कोण सांगणार?

सभेत अध्यक्षांनी नानांचं मत विचारलं. नाना उठले. उपरणं खांद्यावरच राहिलं आणि ते चक्क बोलले. मोठ्याने. मी हादरलोच. आवाजाला वापर नसल्यामुळे तो मधेच फाटत होता.

"यासीननी काय करानं?"

यासीनभाई म्हणजे नानांच्या शेजारचे मिरचीचे व्यापारी. धंद्यातले प्रतिस्पर्धी, आणि जन्मापासून मुके.

"रुमालखाले तो बठ्ठासनी बराबरी करस," नाना म्हणाले. "लिलावमा त्याले कोन इचारी? हात हाईच त्यानी जबान शे."

खरंच होतं. कापडाखाली यासीनभाई सगळ्यांच्या बरोबरीचे, पुकाऱ्यात मात्र मुके. मला नानांचा राग आला आणि स्वतःचाही. यासीनभाईंना रोज सलाम करणाऱ्या आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नानांनी विरोधात हात वर केला. मतं बरोबरीत आली आणि अध्यक्षांनी आपलं जादा मत मार्केटला दिलं.

मार्केट झालं. माझा गाळा उत्तम आहे, तक्रार नाही. पहिल्या लिलावाला मी मुद्दाम गेलो, आणि जे पाहिलं त्यावर विश्वास बसेना. मिरचीच्या ढिगापुढे यासीनभाई उभे, त्यांचा हात नानांच्या हातात, आणि नाना घसा बसेपर्यंत यासीनभाईंचे भाव पुकारतायत. दुसऱ्यासाठी पुकारणाऱ्याने स्वतः माल घ्यायचा नाही, असा नियम होता. नानांनी आपला व्यापाराचा परवाना सकाळीच परत केला होता.

"नाना, काय केलंत हे? तुमचा धंदा?" मी जवळजवळ ओरडलोच.

नाना जरा लाजले. "मन्हं काय रे भाऊ. बायको गई, पोर सासरे गई. घरमा बोलाले कोन शे? आठे बाजारमा तरी बोलनं पडस."

तेवढ्यात यासीनभाईंनी त्यांची बोटं दाबली, आणि नाना माझ्याकडे पाठ करून पुन्हा ओरडायला लागले.