आप्पांची सायकल तिसऱ्या मजल्यावर

लातूरच्या औसा रोडवरच्या त्या अपार्टमेंटला लिफ्ट नव्हती आणि खाली पार्किंगमध्ये प्लगही नव्हता. त्यामुळे नवी विजेवरची सायकल चार्ज करायला रोज तिसऱ्या मजल्यावर न्यायची, असं सिद्रामप्पांनी घरी येता येताच ठरवून टाकलं. कापडाचे गठ्ठे उचलण्यात त्यांची हयात गेली होती.

"आप्पा, हात लावू का?" तळमजल्यावरच्या आलोकनं विचारलं.

"कशाला? सायकल हाय, हत्ती न्हाई!"

पहिला मजला आप्पांनी ऐटीत गाठला. पुढच्या वळणावर मात्र सायकल आडवी झाली. हँडल कठड्याच्या गजांत घुसलं, मागचं चाक भिंतीला टेकलं आणि मधल्या कोपऱ्यात आप्पा चेपले गेले. तेवढ्यात शिकवणी घ्यायला निघालेल्या चंद्रप्रभाबाई वरून आल्या.

"अडकलात का हो आप्पा?"

"अडकतोय कशाला! जरा दम खायलोय."

"मग मी जाऊ कुठून?"

त्यांना वाट करून द्यायला आप्पा वळले आणि त्यांचा अंगठा हँडलवरच्या कुठल्याशा बटणावर पडला. मागचं चाक घर्रकन फिरलं आणि धोतराचा सोगा आत ओढून थांबलं. आप्पांनी उरलेलं धोतर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. साहजिकच सायकल धरायला हात उरला नाही. ती सगळीच्या सगळी चंद्रप्रभाबाईंवर कलली.

"आलोक! अरे, धाव लवकर!" बाई ओरडल्या.

आलोक धावत वर आला. त्यानं हँडल गजांतून सोडवलं, सोगा चाकातून काढला आणि पुढची बाजू उचलली. चंद्रप्रभाबाईंनी पर्स गळ्यात अडकवून मागून रेटा दिला. मध्ये एका हातानं धोतर सांभाळत आप्पा हुकूम सोडत होते, "डावीकडं घ्या! हाव, आता उचला!"

सायकल तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा साऱ्यांची दारं उघडली होती. टाळ्या वाजल्या.

"या वयात एवढी हिंमत! मानलं आप्पा," आलोक धापा टाकत म्हणाला. "आता रोज संध्याकाळी आम्ही येत जाऊ."

आप्पांची छाती फुगली. ते रुबाबात घरात शिरले. त्यांच्या पत्नी नीलाबाईंनी सायकलला वायर लावायची जागा शोधता शोधता एक किल्ली फिरवली. बॅटरी अलगद त्यांच्या हातात आली.

"अवो, ही तर सुटी निघते की! एवढीच वर आणायची होती!"

बाहेर आप्पांच्या पराक्रमाची चर्चा अजून रंगली होती. आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. आधी दार लाव."

दुसऱ्या दिवशी आलोक आणि चंद्रप्रभाबाई जिन्यापाशी तयारच उभे होते. खरं सांगायची सोय नव्हती. सायकल उचलली गेली. पुढं नीलाबाई भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. पिशवीत वर कोथिंबीर होती, खाली बॅटरी.

दुसऱ्या मजल्यावर आलोक चकित होऊन थांबला. "आप्पा, आज लई हलकी लागली हो!"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "ताकदीचं काम न्हाई, बाबा. उचलायची रीत असते."

नीलाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हसू दाबत पुढची पायरी चढल्या.