डंकनचं ब्लॅकवुड

मर्वने तोंडावरचा मास्क वर सरकवला, चष्मा पुसला, तारेला टांगलेल्या पांढऱ्याशुभ्र गिटारकडे मोठ्या समाधानाने पाहिलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जी रंगवायची होती, होबार्टच्या बँडवाल्यांना जिच्यावर हिरवा ऑक्टोपस हवा होता, ती गिटार मागच्या टेबलावर तशीच पडली होती. मग ही पांढरी झालेली कोणाची?

गिटारची मान जिथे बसवायची, त्या खाचेवरची निळी चिकटपट्टी त्याने ओढून काढली. आत तपकिरी लाकूड होतं. ब्लॅकवुड. डंकनचं ब्लॅकवुड.

मर्व खुर्चीत बसला. म्हणजे बसायला गेला. खुर्ची तिथे नव्हती.

ह्युऑन नदीच्या काठावरच्या त्या शेडमध्ये दोघं मिळून बेस गिटारी बनवत. डंकन लाकूड कापून, तासून, घासून गिटारचं धड घडवी. मग गिऱ्हाइकाने नुसतं तेल म्हटलं तर काम डंकनचं, आणि रंग म्हटलं तर मर्वचं. डंकनला रंग डोळ्यांसमोर नको असे. "रंग म्हणजे फालतू लाकडाचा बुरखा," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला मर्वच्या देखत सांगे. "आणि तुझं तेल म्हणजे आळशी माणसाचा रंग!" असं मर्व तिकडून ओरडे. रोज दुपारी बेकरीतले शिंपल्यांचे पॅटिस खाताना हे भांडण होई आणि त्याशिवाय दोघांनाही खाल्लेलं पचत नसे.

पण हे लाकूड भांडणाचं नव्हतं. ही गिटार ब्रायनीची. तिच्या वडिलांचा पब होता, त्याच्या काउंटरची ही फळी. पब पाडला, वडील गेले, आणि बापाच्या हातचं म्हणून पोरीकडे एवढंच उरलं. सफरचंदं तोडणाऱ्यांनी आणि बोटीवरच्या खलाशांनी कोपरं टेकून टेकून ते गुळगुळीत केलेलं. शनिवारी होड्यांच्या शर्यतीनंतरच्या नाचाला ब्रायनी ह्याच लाकडाची गिटार वाजवणार होती. डंकनने फळीचा फोटो भिंतीवर लावला होता आणि तिच्या एकेका रेषेवर मर्वला इतकी प्रवचनं ऐकवली होती, की मर्वला त्या रेषा स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ झाल्या होत्या.

शेडचा नियम साधा होता. मानेच्या खाचेवर निळी पट्टी म्हणजे रंगाला तयार, पिवळी म्हणजे तेलाला. डंकनची पिवळी पट्टी संपली होती, आणि मर्वकडे पट्टी मागायची म्हणजे डंकनला कमीपणा. तेव्हा त्याने मर्वच्या रिळातून गुपचूप कापून घेतली, धड धुळीपासून दूर म्हणून मर्वच्याच तारेला टांगलं आणि तो होबार्टला लाकडाच्या लिलावाला निघून गेला. तेल न लावलेलं, घासून भुशाने माखलेलं ब्लॅकवुड कोणाही लाकडासारखं मळकट दिसतं. त्यात मास्क घातला की मर्वच्या चष्म्यावर वाफ धरे.

"पट्टीचोर लेकाचा!" मर्व रिकाम्या शेडला म्हणाला. त्याने जरा बरं वाटलं, पण रंगाआधी मारायचा तो पांढरा प्रायमर काही निघाला नाही.

मग त्याने थिनर घेतला. वरचा पांढरा थर गेला, पण लाकडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसलेला हलेना. ब्लॅकवुडला कोंडा झाल्यासारखा दिसू लागला. घासावं तर डंकनने धड आधीच पातळ करून ठेवलेलं. आणखी घासलं तर मागची बाजू कागदासारखी होणार. सुईने एकेक छिद्र कोरून पाहिलं. चहा गार होईपर्यंत बोटाएवढी जागा झाली आणि तीही बरी दिसेना.

शेवटी मर्वने डोक्याला हात लावला, पुन्हा सगळं धड सारखं पांढरं करून घेतलं आणि त्यावर मधाच्या रंगाचा एक हात मारला. मग भिंतीवरचा फोटो समोर ठेवला आणि सगळ्यात बारीक ब्रश हातात घेतला. उद्या दुपारी डंकन येईपर्यंत लाकडावर लाकूड रंगवायचं होतं.

पहिल्या दोन रेषा त्याने भीतीने काढल्या. तिसऱ्या रेषेला त्याचा हात थांबला. रेषा सरळ जाते आहे असं वाटत असतानाच मध्येच किंचित वळते, कारण त्या वर्षी झाडाला कुठून तरी वारा लागला असणार. तिच्या शेजारची रेषा तिला जागा करून देते. पुढे सगळ्या मिळून सैल होतात आणि आडव्या लाटा त्यांच्यावरून जातात, वाळूत ओहोटीने सोडलेल्या नक्षीसारख्या. इतकी वर्षं हे समोर होतं आणि आपण पॅटिस खात बसलो होतो! मर्वचे डोळे भरून आले. कापडाने, पिसाने, बोटाच्या टोकाने तो रंगवत राहिला. सुईने छिद्रं टोचली. एके ठिकाणी, धडाच्या खालच्या शिंगासारख्या टोकापाशी, त्याला वाटलं इथे एक डोळा हवा, फांदीच्या गाठीचा असतो तसा. फोटोत नव्हता. त्याने काढला. मग वर पातळ, बिनचकाकीचं वार्निश दिलं आणि देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी डंकन पॅटिसची पिशवी हातात घेऊन शेडमध्ये शिरला आणि दारातच उभा राहिला. त्याने पिशवी खाली ठेवली. मग डोक्यावरची टोपी काढली.

"मर्व," तो कुजबुजला, "हे बघ. हे बघितलंस?"

"बघतोय की कालपासून," मर्व म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

"ह्या लाटा बघ. आणि हा डोळा! हा घासताना माझ्या नजरेतून सुटलाच कसा? असलं लाकूड आयुष्यात एकदा हाती लागतं. बोल आता, तुझ्या रंगात आहे का ही ताकद?"

"नाही बाबा. कुठली असायला."

"तेलाचा डबा आण."

मर्व डब्याच्या आडवा उभा राहिला. "मी लावलंय तेल!" तो घाईघाईने म्हणाला. "कालच लावलंय. भरपूर. आता लावू नकोस, चिकट होईल."

डंकन वळला. त्याने मर्वकडे असं पाहिलं, की मर्वला वाटलं, संपलं. पण डंकनने टोपी छातीशी धरली. "तू? तेल लावलंस? तू, मर्व?" आणि आयुष्यात कधी नव्हे ते त्याने मर्वला मिठी मारली. "मला माहीत होतं. एक ना एक दिवस तुझे डोळे उघडणार, मला माहीत होतं!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी बेकरीत, पोस्टात आणि बोटींच्या धक्क्यावर पोहोचली. मर्व सुधारला. मर्वने रंग सोडला. लोक गिटार बघायला येऊ लागले, आणि जाताना मर्वची पाठ थोपटू लागले. एका म्हातारीने तर त्याला केक आणून दिला. मर्वला तो घशाखाली उतरेना. इतकी वर्षं पानाफुलांच्या गिटारी रंगवल्या, कोणी साधं बिस्किट दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ब्रायनी आली. डंकनने गिटारला मान आणि तारा चढवून तयार ठेवली होती. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"हेच ते," ती म्हणाली. "बाबा काउंटर पुसायचे तेव्हा अगदी असंच दिसायचं. डंकन, कसं रे केलंस?"

"मी काही केलं नाही. लाकूडच बोलतंय," डंकन म्हणाला. "आता शेवटचा हात तुझा." त्याच्याकडची ही पद्धत होती: तेलाचा शेवटचा फडका मालकाने स्वतः फिरवायचा. मर्व पुढे झेपावला, पण तोवर डंकनने फडका तेलात बुडवून तिच्या हातात दिला होता.

तिने मागच्या बाजूवर तो अलगद फिरवला. वार्निश पुरतं वाळलं नव्हतं. फडक्यावर मधाच्या रंगाचा डाग उमटला.

डंकनने तिच्या हातून फडका घेऊन त्याकडे पाहिलं. मग गिटारकडे. मग मर्वकडे. मर्वचे कान लाल झाले होते. आपण गुपचूप लावलेली निळी पट्टीही डंकनला आठवली असावी, कारण त्याच्याही कानांचा रंग बदलला. लाकडाबद्दल तो कधीच खोटं बोललेला नव्हता.

"ब्रायनी," तो म्हणाला, "हा रंग आहे. तुझ्या बाबांचं लाकूड आत शाबूत आहे. पण वर दिसतंय ते सगळं ह्या मर्वने काढलंय. चूक दोघांचीही झाली."

ब्रायनी खळखळून हसली. "चल! मला शेंडी लावतोस?"

"अगं खरंच," मर्व म्हणाला. "माझ्या हातून त्यावर प्रायमर मारला गेला. हे मीच रंगवलंय."

"तू ऑक्टोपस काढतोस, मर्व! रंग ओळखायला मला डंकननेच शिकवलंय. रंग मेलेला असतो, लाकूड हलतं, हो ना डंकन? हे बघ, हलतंय!" तिने गिटार उजेडात तिरकी केली. लाटा खरोखरच हलल्या.

"पण फडक्याला लागलंय ना ते!" डंकन म्हणाला.

"ब्लॅकवुड ताजं घासलं की रंग सोडतं. हेही तूच सांगितलं होतंस."

"ते पाण्याने! तेलाने नाही!"

"डंकन," ब्रायनी एकदम गंभीर झाली, "सरळ सांग ना, तुला ही स्वतःला ठेवायची आहे. तुझा जीव जडलाय हिच्यावर. दिसतंय की मला!"

"थांब, पुरावाच देतो," मर्व वैतागून म्हणाला आणि त्याने पत्र्याची पट्टी उचलली. "कडेला एवढंसं खरवडलं की पांढरं दिसेल."

"हात लावू नकोस!" ब्रायनी किंचाळली.

तिच्याहीपेक्षा मोठ्याने डंकन ओरडला होता.

मर्वने पट्टी खाली ठेवली. ब्रायनीने दोघांच्या गालांचा मुका घेतला, गिटार पोटाशी धरली आणि ती निघून गेली. खिडकीतून दोघं तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. फडका अजून डंकनच्याच हातात होता.

"तो खालच्या शिंगापाशी डोळा काढलास ना," तो म्हणाला, "तो लाकडात कुठे दिसला तुला?"

"लाकडात नव्हताच," मर्व म्हणाला.

डंकन फडक्याची घडी घालत राहिला. "असायला हवा होता," तो म्हणाला.