आम्ही गळती ऐकतो

मनुष्य जन्माला येतो तेव्हा तो नुसता असतो. दिसायला लागण्यासाठी पुढे त्याला बरेच कष्ट घ्यावे लागतात. हे तत्त्व धंद्यालाही लागू आहे, आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्लंबरना ते पन्नाशीपर्यंत कोणीही सांगितलं नव्हतं, ही खेदाची बाब आहे.

तोवर त्यांचा कारभार अगदीच मागासलेला होता. कोणाचा नळ गळू लागला की तो माणूस त्यांना फोन करी. ते पाना घेऊन येत, वाकून बघत, "हं" म्हणत, आणि नळ गळायचा थांबे. मग चहा पिऊन घरी. या सर्व प्रकारात ते स्वतः हजर असत, पण त्यांची उपस्थिती कुठेच नव्हती. (हा फरक मलाही आधी कळला नव्हता. त्यासाठी शिबिराला जावं लागतं.)

शिबिराला गेला त्यांचा मेव्हणा. 'धंद्याची प्रभावी ऑनलाइन उपस्थिती' असा विषय होता. शुक्रवारी तो बेकार होता, सोमवारी सल्लागार झाला आणि बॅग घेऊन बहिणीकडे राहायला आला.

"दाजी, मी तुम्हाला नेटवर शोधलं. तुम्ही नाही आहात."

"मी इथे आहे की," प्लंबर म्हणाले.

"तेच तर चुकतंय."

कामाला लगेच सुरुवात झाली. 'नळदुरुस्ती' हे नाव काहीच सांगत नाही असं ठरून (त्यातून फक्त नळ दुरुस्त होतो एवढंच कळे) संस्थेचं नामकरण 'जलसुसंवाद' असं करण्यात आलं. ब्रीदवाक्य: आम्ही गळती ऐकतो. बोधचिन्ह म्हणून हसणारा थेंब निवडला. पहिल्या मसुद्यात तो अश्रू वाटत होता, म्हणून त्याला दात दिले. फोटोसाठी प्लंबरना हाताची घडी घालून उभं करण्यात आलं. दोन्ही हात एकदम मोकळे असण्याची त्यांची पहिलीच वेळ असल्याने घडी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, घालून दिली.

वेबसाइटवर 'आमची कहाणी' असावी लागते. प्लंबरची कहाणी अशी होती की वडील प्लंबर होते म्हणून तेही झाले. मेव्हण्याने ती जरा सावरून घेतली आणि लिहिलं की लहानपणापासूनच त्यांना भिंतीतल्या पाण्याचं रडणं ऐकू येतं.

"यांना दारावरची बेल ऐकू येत नाही," वहिनी म्हणाल्या. ही सूचना नोंदवून घेण्यात आली नाही.

त्यानंतर अभिप्राय. नातेवाईकांनी पाच-पाच स्टार दिले. परगावच्या एका मावशींनी तर 'आयुष्य बदललं' असं लिहिलं. त्यांच्या गावी प्लंबर कधी गेलेले नाहीत, पण मावशींचं म्हणणं, म्हणूनच बदललं. एका खऱ्या गिऱ्हाइकाने मात्र चारच स्टार देऊन 'नळ नीट झाला' एवढंच लिहिलं. घरात दुखवट्याचं वातावरण पसरलं. मेव्हणा प्लंबरना घेऊन त्या गृहस्थांकडे गेला, झाल्या प्रकाराची माफी मागितली, नळ पुन्हा सैल केला आणि प्लंबरकरवी या वेळी हसत हसत घट्ट करवून घेतला. पाचवा स्टार जागेवरच मिळाला.

आता दिवस शिस्तीत जाऊ लागला. सकाळी वॉशरवर सुविचार, दुपारी रील, संध्याकाळी चाहत्यांना उत्तरं. फोन करणाऱ्याला एक गोड आवाज सांगे, "आमचे जलतज्ज्ञ सध्या आपल्यासाठी मजकूर तयार करीत आहेत." पूर्वी महिन्याकाठी ढीगभर नळ दुरुस्त होत आणि फॉलोअर शून्य. आता फॉलोअर मोजता येत नव्हते आणि नळ एकच दुरुस्त होई, पण तो रोज. (तो फळीवर ठोकलेला होता. त्याला पाइप नव्हता.)

याच सुमारास माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर ओल आली. वर त्यांचं न्हाणीघर. मी वर गेलो. दार मेव्हण्याने उघडलं.

"काका, तुम्ही वेबसाइटवरून आलात का?"

"जिन्यावरून."

"जिना आमच्या मोजणीत येत नाही हो."

त्याच्या खांद्यावरून प्लंबर दिसत होते. त्यांनी हाताची घडी सोडून माझ्याकडे बघितलं. "तो न्हाणीतला सांधा असेल," ते हळूच म्हणाले. "मलाही ऐकू येतंय. पण आज सहा रील आहेत."

मी खाली येऊन रीतसर अर्ज भरला. त्यात 'आपली गळती आपल्याला भावनिकदृष्ट्या कशी वाटते?' असा प्रश्न होता. मी 'ओली' लिहिलं. क्षणात उत्तर आलं: आपल्या गळतीबद्दल मनःपूर्वक आभार. सांगायला हरकत नाही, बरं वाटलं. पूर्वी ते नुसते "हं" म्हणत.

रविवारी सकाळी लाइव्ह होतं. विषय: गळती ओळखा, स्वीकारा, थांबवा. प्लंबर खुर्चीत, मागे घासूनपुसून मांडलेले पाने. ते 'स्वीकारा'पर्यंत आले आणि आत काहीतरी फाटकन सुटलं. प्लंबर अर्धे उठले. मेव्हण्याने कॅमेऱ्यामागून बसायची खूण केली, कारण बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता. पाणी उंबऱ्यावरून खोलीत आलं. लोकांनी पडद्यावर लाल बदाम पाठवले. 'मागचा आवाज किती शांत करणारा आहे,' असं कोणीतरी लिहिलं. एक चप्पल प्लंबरच्या पायाशी येऊन, वळसा घालून पुढे गेली. तिला स्वतंत्र बदाम मिळाले. मीही पाठवले. मी खाली स्वयंपाकघरात उभा राहूनच बघत होतो, आणि स्क्रीन सारखी पुसावी लागत होती, कारण वरून धार लागली होती.

"अहो," आतून वहिनींचा आवाज आला, "तुम्ही उठताय, की मी आणखी एक प्लंबर शोधू?"

प्लंबर उठले. मागचा पाना उचलला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चौकटीबाहेर गेले. कॉक बंद झाल्याचा आवाज आला, मग ठोकाठोक. नंतर, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच, आतून एक खणखणीत "हं" ऐकू आलं, आणि पाठोपाठ दोघं नवराबायको हसत सुटल्याचा आवाज. पडद्यावर मात्र रिकामी खुर्ची. लोक भडकले. 'दादा कुठे गेले?' 'पाणी का थांबवलं?' 'आम्ही सुट्टीचा दिवस दिला.' एकेक स्टार देऊन सगळे निघून गेले. मेव्हणा ओल्या जमिनीवर बसून आकडा उतरताना बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन पुढच्या शिबिराला गेला.

पण त्याआधी, रविवारीच दुपारी, प्लंबर पाना घेऊन माझ्या दारात. शर्ट भिजलेला, चेहरा लग्नातल्यासारखा.

"तुमचंही छत बघून घेतो."

मी दार किलकिलं ठेवून आधी फोन बघितला. सरासरी पार दीडवर आली होती. अशा माणसाला स्वयंपाकघरात घेणं म्हणजे जोखीम. मी नम्रपणे नको म्हटलं. ते "बरं" म्हणून समोरच्या आजींकडे गेले. आजींकडे फोन नाही, त्यामुळे त्यांना धोका कळला नाही आणि त्यांचा नळ तिथल्या तिथे दुरुस्त झाला.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका पाच स्टार संस्थेकडे नोंद केली आहे. त्यांची उत्तरं फार आपुलकीची असतात. माणूस यायचा आहे. छतात मुरलेलं पाणी अजून टपकतं, तोवर बादली आहे.

तुम्ही मला हसाल, हे मी गृहीत धरतो. हसा. फक्त एक खरं सांगा: प्लंबरच्या खोलीत पाणी शिरलं आणि ती चप्पल तरंगत निघाली, तेव्हा कोणीतरी पटकन कॉक बंद करावा असं तुमच्या मनात आलं होतं, की अजून थोडं चालू द्यावं?